सातव्या वर्षाआधीची युन्हा

कोरियातल्या बुसानच्या जुन्या बाजारात मासळीची गल्ली संपून सुक्या मिरच्यांची सुरू होते, तिथल्या जिन्याखाली हाम युन्हा कपडे दुरुस्त करायची. नवं काही शिवायची नाही. लांब असेल ते आखूड, सैल असेल ते अंगाबरोबर, उसवलं असेल ते पुन्हा जागच्या जागी. दुकान एवढंसं, की मशीन, इस्त्रीचं टेबल आणि ती आत. गिऱ्हाईक बाहेर उभं. ते तिला सोयीचंच होतं.

वयाची पंचेचाळिशी उलटली होती. केस आखूड, कपडे धुऊन धुऊन विटलेले, मऊ पडलेले, आणि प्रत्येक कपड्याच्या मानेमागची कंपनीची चिठ्ठी तिने स्वतः उसवून काढलेली. ती चिठ्ठी तिला दिवसभर मुंगीसारखी चावायची. दुपारचा डबा बारा महिने एकच: भात, भाजलेल्या शेवाळाचे पापुद्रे, उकडलेलं अंडं. समोर मिरच्या दळायचं यंत्र सुरू झालं की ती कानांत कापसाचे बोळे घालून ते थांबेपर्यंत गप्प बसून राहायची. मग गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो. बाजार तिच्याबद्दल म्हणायचा, "हात सोन्याचा, तोंड लाकडाचं."

तिचं लग्न झालं होतं. नवरा बसच्या आगारात मेकॅनिक होता, भला माणूस. काही वर्षं त्याने काढली. निघून जाताना दारात उभं राहून म्हणाला, "तू कधी खोटं बोलली नाहीस, कधी वाकडी वागली नाहीस. पण तुझ्याजवळ बसलं की मला जास्तच एकटं वाटतं गं." युन्हाने ते वाक्य कितीतरी दिवस उलटसुलट करून पाहिलं. तिलाही अगदी तसंच वाटायचं. फक्त तिची समजूत होती की सगळ्यांनाच असं वाटत असेल, बोलून कोणी दाखवत नसेल.

त्या शरदात एक बाई एक पुरुषी कोट घेऊन दुकानावर आली. कोट जाड लोकरीचा, काळा. "माझ्या मापाचा करून द्याल?" म्हणाली, आणि कोट टेबलावर ठेवता ठेवता रडायलाच लागली. नवरा वसंतात गेला होता. कोटाला अजून त्याचा वास येतोय, म्हणून धुतला नाही, असं ती हुंदक्यांमधून सांगत होती. युन्हा ऐकत होती. काहीतरी बोलायला हवं हे तिला कळत होतं. छातीत काहीतरी भरून आलं होतं, पण ते जिभेपर्यंत येण्याची वाटच जणू कोणी बुजवून टाकली होती. शेवटी जे जिभेवर आलं ते ती बोलली.

"बाह्या तीन सेंटीमीटर आत घेऊ की चार?"

बाईने डोळे पुसले, तिच्याकडे बघितलं, कोट उचलला आणि निघून गेली.

गोष्ट बाजारभर झाली. तोंडीलावणी विकणारी शेजारीण ओक्पुन, जी युन्हाशी वर्षानुवर्षं रोज बोलत आली होती आणि दोघींच्या वाटचं स्वतःच बोलत आली होती, ती दुपारी मुळ्याच्या किमचीचं पातेलं झाकून युन्हाच्या दुकानासमोर स्टूल टाकून बसली.

"काय झालं ते मला कळलंय. तू दुष्ट नाहीस हेही मला माहितेय. पण ती बाई दुसऱ्या गल्लीत सांगत फिरतेय की जिन्याखालच्या शिंपिणीला काळीजच नाही."

"मी चूक विचारलं का? बाह्या लांबच होत्या."

"अगं बये, बाह्या लांब होत्या हे आंधळ्यालाही दिसत होतं."

युन्हा काही वेळ मशीनचं चाक हाताने मागेपुढे करत राहिली. मग म्हणाली, "ताई, मला तिला सांगायचं होतं की कोट धुऊ नका, वास राहू दे, न धुताही मी तो कापून देईन. ती गेल्यावर ते वाक्य आलं. माझी वाक्यं नेहमी माणूस गेल्यावर येतात."

ओक्पुनने स्टूल जवळ ओढलं. म्हणाली, "टीव्हीवर परवा एक बाई दाखवली. तुझ्यासारखीच. आवाज सोसत नाही, कपडे टोचतात, बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. लहानपणापासून तशी. तिची तपासणी केली तर जन्मतःच तिची घडण वेगळी निघाली. पन्नाशीला कळलं बिचारीला. रडत होती, पण सुटल्यासारखी रडत होती. तूही एकदा दाखव की."

"वेड्यांच्या डॉक्टरला?"

"मनाच्या डॉक्टरला. आणि बाजारात कोणाला सांगू नकोस. मीही सांगणार नाही."

आणि खरोखरच तिने सांगितलं नाही. ओक्पुनने आयुष्यात जपलेलं ते बहुधा एकमेव गुपित.

मनाच्या डॉक्टरचा दवाखाना औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हसून विचारलं, "आज काय घेऊन आलात?"

"डबा आणि छत्री," युन्हा म्हणाली, आणि खात्री पटावी म्हणून पिशवी उघडून दाखवली.

डॉक्टर हसले नाहीत हे तिला आवडलं. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे एका भेटीत ठरणारं काम नाही. सविस्तर मानसशास्त्रीय तपासणी करावी लागेल, ती करणाऱ्या मुनबाई म्हणून आहेत, त्यांच्याकडे मात्र मोठी रांग आहे. रांग होतीच. पानं गळून गेली, बाजारात किमचीच्या कोबीचे ढीग आले आणि संपले, तेव्हा कुठे तिचा नंबर लागला.

मुनबाई पन्नाशीच्या, आवाजाने हळू. त्यांच्या खोलीतले दिवे मंद होते आणि भिंतीवर घड्याळ नव्हतं. युन्हाने ठोकळे जुळवले, आकडे उलटे म्हटले, चित्रातल्या माणसांच्या मनात काय चाललं असेल ते सांगितलं. एका चित्रात एक मुलगी खिडकीशी उभी होती. मुनबाईंनी विचारलं, "हिला काय वाटत असेल?" युन्हा खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हिला कोणाची तरी वाट बघायचीय, पण वाट बघतेय हे कोणाला कळू द्यायचं नाही." मुनबाईंची पेन्सिल जरा थांबली.

दोन बैठकी झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता एक गोष्ट राहिली. तुम्ही लहान असताना कशा होतात हे सांगणारं कोणीतरी हवं. शाळेत जाण्याच्याही आधी. बोलायला कधी लागलात, खेळायचात कशा. आई आहे?"

"आहे. पण तिने मला दिलं होतं."

"म्हणजे?"

युन्हाने सांगितलं. तोंग्यॉंगजवळच्या खाडीवरचं गाव. बापाची होडी एका हिवाळ्यात परतली नाही. आईपाशी तीन मुलं. थोरला किसोप आणि धाकटा आईपाशी राहिले. मधल्या युन्हाला सातव्या वर्षी बुसानला आत्याकडे पाठवलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. आत्या शिवणकाम करायची, तिनेच हात धरून शिकवलं. आत्याचं घर वाईट नव्हतं. आत्या आता नाही.

"का पाठवलं, कधी विचारलंत?"

"विचारायचं काय? तिघांतली एक पाठवायची तर जी नकोशी असेल तीच पाठवणार."

हे तिने बाहीचं माप सांगावं तसं सांगितलं. पण घरी जाताना ती दोन थांबे पुढे उतरली आणि तिला चालत मागे यावं लागलं.

आई वर्षातून दोनदा बुसानला यायची, कालवांची पेटी घेऊन. आत्याच्या दारातल्या पायरीवर बसायची, पाणी प्यायची, नणंदेशी चार शब्द बोलायची आणि परतीची बस धरायची. मोठेपणी सणासुदीला युन्हा गावी जाऊ लागली. पितरांना वाढून, जेवून, दुपारीच निघायची. मायलेकींत भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला जवळ असावं लागतं.

कालवांचा हंगाम भरात होता. युन्हाने दुकान बंद ठेवलं आणि तोंग्यॉंगची बस धरली.

धक्क्याजवळच्या लांबोळक्या शेडमध्ये बायका टेबलांच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून कालवं फोडत होत्या. शिंपल्यांचे ढीग त्यांच्या खांद्यांपर्यंत आलेले. शिंपल्यावर शिंपला पडण्याचा तो खडखडाट दारातच युन्हाच्या अंगावर आला. तिने कापसाचे बोळे घातले आणि आत पाऊल टाकलं.

"जॉम्सुन, तुझी बुसानची लेक आली बघ," एकीने हाक दिली.

"एवढी बारीक? बुसानात भात मिळत नाही काय?"

"ती कुठली बारीक. तू रोज स्वतःला आरशात बघतेस, मग तुला सगळं जग बारीक दिसतं."

हशा झाला. जॉम्सुनने मान वर केली. सत्तरी ओलांडलेली बाई, रबरी एप्रन पायांपर्यंत, हातात आखूड सुरी. लेकीला बिनसणाची दारात बघून तिचा चेहरा बदलला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. तुझ्याशी बोलायचंय."

"जेवलीस?"

"डबा आणलाय."

आईने सुरी ठेवली. दोघी शेडच्या मागे, वारा अडवणाऱ्या भिंतीशी जाऊन बसल्या. युन्हाने आढेवेढे न घेता सांगितलं: तपासणी चालली आहे, मनाची, आणि लहानपणाबद्दल सांगायला आई हवी आहे.

जॉम्सुनने समुद्राकडे तोंड वळवलं. कालवांच्या दोऱ्या बांधलेल्या पांढऱ्या तराफ्यांच्या ओळी तिथून थेट बेटापर्यंत दिसायच्या.

"म्हणजे माझ्या लेकीला वेडी ठरवायला माझी साक्ष हवी."

"वेडी नाही. वेगळी आहे का ते बघतात."

"वेगळी आहेस हे मला कोणी बुसानची बाई सांगणार? तुझ्या आजीनेही हेच आरंभलं होतं. पोरीत काहीतरी शिरलंय, पोर बरी नाही. तेव्हाही मी म्हटलं होतं, पोर जशी आहे तशी आहे. आता म्हातारपणी परत तेच ऐकू? मी नाही येणार."

"आई," युन्हा म्हणाली. ती आईकडे नाही, आपल्या बुटांकडे बघत होती. "मला सातव्या वर्षाच्या आधीचं काही माहीत नाही. आत्याला माहीत नव्हतं. किसोपदादाला विचारलं तर म्हणतो, तू रडायचीस एवढंच आठवतं. तू गेलीस की कोणालाच माहीत नसेल. मला फक्त ऐकायचंय."

जॉम्सुन उठली. एप्रनवरचं पाणी झटकलं. "बस चुकेल तुझी," म्हणाली आणि आत गेली. आतून तिचा आवाज आला, कोणावर तरी ओरडल्याचा, की टोपलीत शिंपल्याचे तुकडे कोणी टाकले.

युन्हा परत आली. आठवडा गेला. एका दुपारी, ती एका शाळकरी गणवेशाची दुमड सोडत असताना फोन वाजला. पलीकडून आईने नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "कुठल्या वारी यायचं?"

त्या दिवशी युन्हा बस टर्मिनलवर वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभी राहिली. जॉम्सुन लग्नाकार्याचा जांभळा कोट घालून उतरली. केस नुकतेच कुरळे करून घेतलेले, ओठांना थोडी लाली, आणि हातात कालवांची पेटी.

"ही डॉक्टरीणबाईंना. रिकाम्या हातांनी कसं जायचं?"

"त्यांना घेता येत नाही, आई. नियम आहे."

"कालवं न घेण्याचा कसला मेला नियम."

मुनबाईंनी कालवं घेतली नाहीत, पण पेटीजवळ वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "माझी आई कोजे बेटावरची. हा वास मला लहानपणापासून माहितेय." जॉम्सुनचे खांदे त्यावर जरा खाली आले. मुनबाई म्हणाल्या की आधी आईंशीच बोलते, लेकीने बाहेर बसावं.

"नको," जॉम्सुन म्हणाली. "तिलाही बसू द्या. तिच्या पाठीमागे बोलून झालंय सगळ्यांचं."

मग ती बोलू लागली. आधी तुटक, एका वाक्यात एक उत्तर. हळूहळू, गाळातून होडी मोकळी व्हावी तशी, तिची जीभ मोकळी झाली.

युन्हा तान्ही असताना उचलून घेतली की लाकडासारखी ताठ व्हायची. पाठुंगळीला बांधली की रडून जीव घ्यायची. झोपायची फक्त जाळ्यांच्या खोपीत, जाळ्यांच्या ढिगावर. वर अजून एक जाळं पांघरलं, त्याचं वजन अंगावर आलं, की गप्प. "लोक म्हणायचे, पोरीला मासळीसारखी झाकतेय. पण झोपायची ना. मग मी झाकायची."

चौथं लागेपर्यंत बोलली नाही. "आणि पहिल्यांदा बोलली ते काय बोलली माहितेय? आई नाही, बाबा नाही. म्हणाली, 'दार लाव, वारा ओरडतोय.' पूर्ण वाक्य. मी हातातलं भांडं टाकलं आणि दार लावलं."

मुनबाईंनी विचारलं, आवाजाचा त्रास तेव्हापासून होता का.

"गावात खांबावर कर्णा होता. रोज पहाटे मुखिया गाणं लावायचा आणि मग सूचना सांगायचा. गाणं सुरू झालं की ही भिंतीवर डोकं आपटायची. मग मी काय करायची, गाण्याच्या आधी उठायची आणि हिच्या उशाशी बसायची. कर्णा खरखरला की हिच्या दोन्ही कानांवर हात ठेवायची. घट्ट. गाणं, सूचना, सगळं संपेपर्यंत. हिला झोपेतच जायचं ते सगळं."

"रोज?" मुनबाईंनी विचारलं.

"कर्णा रोजच वाजायचा ना," जॉम्सुन म्हणाली.

युन्हाने आपल्या आठवणीत शोधलं. काही सापडलं नाही. पहाट नाही, कर्णा नाही, हात नाहीत. ज्या गोष्टीसाठी आपण आयुष्यभर आसुसलो ती आपल्याला रोज मिळत होती, आणि मिळताना आपण झोपेत होतो, हे तिला त्या खोलीत कळत होतं.

"मग पाठवलंत का?" मुनबाईंनी अगदी हळू विचारलं.

जॉम्सुनने रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. नुसता हातात धरून ठेवला. नवरा गेल्यावर तिला दिवसभर शेडमध्ये जावं लागायचं. पोर सासूजवळ. एक दिवस ती कामावरून आली तर सासूने देवऋषीण आणलेली. अंगणात पोरीला बसवून भोवती थाळ्या, झांजा, ढोल. दिवसभर चाललं होतं ते. आवाजाने पोर पिळवटून गेलेली, पण अंगातलं भूत निघतंय म्हणून थांबायला कोणी तयार नाही. जॉम्सुनने देवऋषिणीची झांज हिसकावून विहिरीत टाकली. त्यानंतर पोर कित्येक आठवडे बोललीच नाही. आणि सासू म्हणाली, पुन्हा करू, अर्धवट राहिलंय.

"मला काम सोडता येत नव्हतं आणि सासूला घराबाहेर काढता येत नव्हतं. नणंदेचं घर शांत होतं. मूल नाही, नवरा बोटीवर. गल्लीत कर्णा नव्हता. मी आधी जाऊन, राहून बघून आले होते. पहाटे ऐकत बसले, कुठे काही वाजतं का. काही वाजलं नाही. म्हणून तिथे ठेवली."

मग जॉम्सुन पुढे झुकली. ज्यासाठी ती बसने इतक्या लांब आली होती ते आता आलं.

"डॉक्टरीणबाई, मला एक सांगा. मी हिला पाठवली, म्हणून ही अशी झाली का? आईवेगळी केली म्हणून?"

"नाही," मुनबाई म्हणाल्या. "पक्का निष्कर्ष मी सगळं तपासून सांगेन. पण तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं ती तुमच्याजवळ असतानाचं आहे. पाठवण्याच्या आधीचं. मूल असं जन्मालाच येतं. यात तुमचा दोष नाही."

"म्हणजे माझ्याजवळ राहिली असती तरी अशीच असती."

"हो."

मुनबाईंना वाटलं असावं की म्हातारीचं ओझं उतरलं. उतरलंही असेल. पण जॉम्सुन रुमालाकडे बघत म्हणाली, "मग ठेवून घ्यायची होती."

बाहेर आल्यावर दोघी डुकराच्या रश्शाचा भात खायला गेल्या. जेवणाची वेळ टळून गेली होती, खानावळ रिकामी होती, तरी कोपऱ्यात टीव्ही मोठ्याने चालू होता. जॉम्सुनने बसण्याआधीच मालकाला सांगितलं, "तो बंद कर. माझ्या लेकीला सोसत नाही." मालकाने बातम्या ऐकतोय म्हणून कुरकुर केली. "बातम्या उद्याही असतील," जॉम्सुन म्हणाली, आणि त्याने बंद केला.

रस्सा आला. मग युन्हाने विचारलं, "आत्याकडे यायचीस तेव्हा आत का यायची नाहीस? पायरीवरच बसायचीस."

"तू मला बघितलं की आत पळायचीस. मला वाटायचं, पोरीला नको आहोत आपण. कशाला आत जाऊन छळायचं तिला."

"मी वरच्या खोलीत जायची."

"तेच म्हणतेय मी."

"तिथल्या खिडकीतून रस्ता दिसायचा. तू जाताना कोपऱ्यापर्यंत दिसायचीस. दारातून नाही दिसायचं तेवढं. म्हणून मी आधीच जाऊन उभी राहायची."

जॉम्सुनने चमचा खाली ठेवला. भाताची वाफ तिच्या तोंडावर येत होती. "मी कधी वर बघितलं नाही," ती म्हणाली. "वर बघितलं असतं तर माझ्याने निघवलं नसतं."

महिन्याभराने मुनबाईंनी निष्कर्ष सांगितला. युन्हा स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, वर्णपटात येते, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. काय सोपं करता येईल, काय बदलायचा हट्ट धरू नये, तेही सांगितलं. युन्हाने शब्द ऐकला. ओक्पुनच्या टीव्हीतल्या बाईसारखी ती रडली नाही. शब्द तिच्या मापाचा होता, खांद्यात बसत होता, बाह्याही बरोबर होत्या. एवढंच, की तो फार उशिरा शिवून आला होता. हा शब्द घरात असता तर झांजा वाजल्या नसत्या, आणि पहाटे कानांवर हात ठेवणारी बाई तिला जागेपणीही मिळाली असती.

काही गोष्टी बदलल्या. युन्हाने दुकानाबाहेर पाटी लावली: "मला लवकर बोलता येत नाही. थोडं थांबलात तर बरं." ओक्पुनला ती पाटी फार आवडली, ती म्हणाली, "मीही एक लावते, मला थांबता येत नाही म्हणून." गिऱ्हाइकं थांबू लागली, निदान काही जण. तोंग्यॉंगच्या शेडमध्ये जॉम्सुनने जाहीर करून टाकलं की तिची लेक आली की शिंपले टोपलीत फेकायचे नाहीत, ठेवायचे. रोगाचं नाव कोणी विचारलं तर ती म्हणायची, "रोग कसला, कान तिखट आहेत तिचे." बायका चेष्टा करायच्या आणि शिंपले हळू ठेवायच्या.

पण गेलेली वर्षं गेलीच होती. युन्हा आता महिन्यातून एकदा गावी जायची. आईजवळ बसल्यावर तिला आणखी लहानपण ऐकावंसं वाटे, आणि जॉम्सुन सांगे. पण सातच वर्षांचं ते, पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन संपायचं. कधी जॉम्सुन हात पुढे करायची आणि लेकीच्या खांद्याच्या जरा अलीकडेच थांबवायची. युन्हाला तो हात दिसायचा. तिचं वाक्य नेहमीप्रमाणे परतीच्या बसमध्ये यायचं.

वसंत लागला, कालवांचा हंगाम संपला, आणि एक दिवस जॉम्सुन न सांगता बाजारात हजर झाली. ती लेकीचं दुकान पहिल्यांदाच बघत होती. ओक्पुनने तिला ओळख नसताना बसायला स्टूल दिलं, खायला मुळा दिला आणि एवढ्या अवधीत बाजाराचा इतिहासही दिला. गिऱ्हाईक गेल्यावर जॉम्सुनने पिशवीतून विजारी काढून टेबलावर ठेवल्या. हिवाळ्याच्या, उन्हाळ्याच्या, एक लग्नाकार्याची.

"सगळ्या लांब व्हायला लागल्यात. पायात येतात."

युन्हाने एक विजार उचलून बघितली. "कापड ताणलेलं नाही."

"मीच आखूड झाले, कापड कशाला ताणेल."

युन्हाने टेबल बाजूला सरकवलं, तेव्हा कुठे दोन माणसांपुरती जागा झाली. आईला आत घेतलं, विजार चढवायला लावली आणि टाचण्या तोंडात धरून ती तिच्या पायांशी गुडघे टेकून बसली. घोट्याजवळचं कापड दुमडलं. आईचा पाय थंड होता, शिरा वर आलेल्या. दुमड बरोबर बसली होती, टाचणी लावून झाली होती, तरी युन्हाने घोट्यावरचा हात काढला नाही. जॉम्सुन भिंतीला धरून उभी राहिली. तिने हालचाल केली नाही.

समोर मिरच्यांचं यंत्र सुरू होऊन थांबलं, तरी तिने कापसाकडे हात नेला नाही. मग युन्हाने दुसरा पाय मापला.

"पुढच्या आठवड्यात सगळ्या तयार ठेवते," ती म्हणाली.

"सगळ्या नको," जॉम्सुन म्हणाली. "ह्या दोन कर. बाकीच्या मी परत घेऊन जाते. पुढच्या खेपेला आणीन."